घरातली वडीलधारी माणसं, त्यांचं मन आणि तब्येत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी साताऱ्यात फॅमिली डॉक्टर आहे. माझ्याकडे येणाऱ्यांत साठीच्या पुढची माणसं बरीच असतात. कोणी कोरेगाव-जावळीकडून येतं, कोणी इस्लामपूर-सांगलीहून लेकीकडे राहायला आलेलं असतं. सोबत आलेली मुलं-सुना दारातून निघता निघता जे विचारतात आणि म्हातारी माणसं स्वतः जे विचारतात, त्यातले नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. औषधाचा डोस मात्र हे वाचून ठरवू नका. तो तपासूनच ठरतो.

"डॉक्टर, आता वय झालं. एवढं तेवढं चालायचंच ना?"

काही गोष्टी खरंच वयाच्या असतात. नाव आठवायला जरा वेळ लागणं, झोप अलीकडे सरकणं, चढावर पूर्वीपेक्षा लवकर दम लागणं, रात्री एखाद्या वेळी लघवीला उठावं लागणं, याची फार चिंता नको.

पण दोन-तीन महिन्यांत कपडे ढगळ होतील इतकं वजन उतरणं, सारखं पडणं, गॅस चालू राहणं, लघवी कपड्यात होणं, आठवडेच्या आठवडे कुणाशी न बोलणं हे कुठल्याच वयात "चालायचंच" नसतं. त्यामागे कारण असतं आणि शोधलं तर बऱ्याचदा सापडतं. "दम नाही राहिला" म्हणणाऱ्या आजींचं हिमोग्लोबिन सात निघतं. "सुस्त झालेत" म्हणून सोडून दिलेल्या आबांचा थायरॉईड मंदावलेला असतो. जो त्रास वर्षभर वयाच्या नावावर खपवला, तो काही आठवड्यांच्या गोळ्यांनी कमी होताना मी कितीतरी वेळा पाहिला आहे. म्हणूनच या वाक्याचा मला मनापासून राग येतो. घरचे ते म्हणतात, काही डॉक्टर म्हणतात, आणि सगळ्यात जास्त म्हातारी माणसं स्वतःच म्हणतात, कारण त्यांना मुलांच्या खर्चात भर घालायची नसते.

"तब्येत कशी आहे?" असं विचारलं की "बरी आहे" हेच उत्तर येणार. त्यापेक्षा नेमकं विचारा: काल रात्री किती भाकरी खाल्लीत? रात्री किती वेळा उठलात? पारावर किंवा देवळात शेवटचं कधी गेला होता? या उत्तरांतून खरं कळतं.

म्हातारपणी माणूस उदासच असतं ना?

नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टनसन यांनी यावर अनेक वर्षं काम केलं आहे. तरुणांपेक्षा वयस्कर माणसांच्या रोजच्या दिवसात राग, चिडचिड, धास्ती सरासरीने कमी असते, असं त्यांना दिसलं. पुढचा काळ मोजका आहे हे कळलं की माणूस नको त्या भानगडी सोडतं आणि जवळच्यांत जीव गुंतवतं, असा त्यांचा अर्थ आहे. येल विद्यापीठातल्या बेका लेव्ही यांचा २००२ चा अभ्यासही असाच लक्षात ठेवण्याजोगा आहे. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात स्वतःच्या म्हातारपणाकडे चांगल्या नजरेने बघणारी माणसं, तसं न बघणाऱ्यांपेक्षा सरासरी साडेसात वर्षं जास्त जगली.

हे अभ्यास परदेशातले आहेत, हे मान्य. पण आषाढात माउलींची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण अशी आपल्या जिल्ह्यातून जाते तेव्हा रस्त्याच्या कडेला उभं राहून बघा. दिंडीत चालणाऱ्यांत सत्तरी गाठलेली किती माणसं असतात! गुडघे त्यांचेही दुखतात. पण सोबत असते, रोज कुठे पोचायचं ते ठरलेलं असतं आणि दिंडीत त्यांची जागा ठरलेली असते. म्हातारपणाचं दुःख बहुतेक वेळा वयातून येत नाही. ते पैशाच्या ओढाताणीतून, न थांबणाऱ्या दुखण्यातून, जोडीदार गेल्यातून आणि घरात आपल्याला कुणी काही विचारत नाही यातून येतं.

आमचे आबा हल्ली बोलत नाहीत, जेवण कमी झालंय. पण रडत वगैरे नाहीत. हे डिप्रेशन असू शकतं का?

असू शकतं. हा प्रश्न विचारलात हे फार चांगलं केलंत, कारण म्हाताऱ्या माणसांचं डिप्रेशन सहसा डोळ्यांतून दिसत नाही. आपल्याकडचा सत्तरीचा शेतकरी "मला उदास वाटतंय" असं म्हणणार नाही. तो म्हणेल, पोटात गोळा येतो, डोकं जड आहे, अंगात ताकद नाही, तोंडाला चव नाही. मग सोनोग्राफी होते, रक्त तपासलं जातं, सगळं नॉर्मल येतं आणि घरचे म्हणतात, "आबा उगाच करतात."

दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ जवळजवळ रोज पुढच्या गोष्टी दिसत असतील तर थांबू नका. आवडीच्या गोष्टींतून मन उडणं, म्हणजे बैलांकडे, नातवाकडे, सकाळच्या पेपरकडे न बघणं. पहाटे तीनलाच जाग येऊन परत डोळा न लागणं. आंघोळीचा, दाढीचा कंटाळा. "माझा काय उपयोग" असं वारंवार येणं. आणि चिडचिड. पुरुषांमध्ये तर चिडचिड हेच मुख्य लक्षण असू शकतं.

आधी फॅमिली डॉक्टरकडे जा. थायरॉईड, बी-१२, हिमोग्लोबिन, सोडियम, साखर बघायला हवी. चालू असलेली एखादी गोळीही मनावर परिणाम करत असू शकते. हे सगळं ठीक असेल तर मानसोपचारतज्ज्ञ. "आमच्या घराण्यात कुणी वेडं नाही" असं मला अजून ऐकवलं जातं. डायबेटिस झाला तर कुणी घराण्याचं नाव काढत नाही. मनाच्या आजाराला तेवढाच मान द्या.

मनाच्या गोळ्यांची सवय लागते म्हणतात. खरं आहे का?

दोन वेगळ्या गोळ्यांची इथे गल्लत होते. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांसारख्या झोपेच्या किंवा घबराटीच्या गोळ्यांची सवय लागते. म्हाताऱ्या माणसांत त्यांनी तोल जातो, पडायला होतं, डोकं गुंगतं. त्या वर्षानुवर्षं जुन्या चिठ्ठीवर आणून घेत असाल तर डॉक्टरला सांगून हळूहळू कमी करा. एकदम मात्र बंद करू नका.

डिप्रेशनवरच्या गोळ्यांची तशी चटक लागत नाही. फरक जाणवायला चार-सहा आठवडे लागू शकतात आणि नेमक्या याच काळात लोक कंटाळून सोडतात. वयस्करांत काही वेळा रक्तातलं सोडियम उतरतं, म्हणून सुरुवातीला एकदा ते तपासून घ्यावं.

आई सारखी म्हणते, "देव मला का नेत नाही?" याकडे किती लक्ष द्यायचं?

पूर्ण लक्ष द्या. कधी ती नुसती बोलायची सवय असते, कधी थकव्यातून आलेलं असतं, पण गृहीत धरू नका. शेजारी बसा आणि सरळ विचारा, "आई, स्वतःला काही करून घ्यावंसं वाटतं का?" असं विचारल्याने तो विचार डोक्यात येत नाही. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर हो असेल, किंवा वस्तू वाटून टाकणं, निरवानिरवीचं बोलणं सुरू झालं असेल, तर त्यांना एकटं ठेवू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. शेतात फवारायची औषधं घरातून हलवून कुलपात ठेवा, गोळ्यांचा डबा तुमच्या ताब्यात ठेवा. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी फोन चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. घरच्यांनी सल्ल्यासाठी केला तरी चालतो.

आई गेल्यापासून वडील गप्प आहेत. किती दिवस वाट बघायची?

दुःखाला मुदत घालता येत नाही. पन्नास वर्षांचा संसार तेराव्याला संपत नाही. पहिल्या वर्षात मात्र तब्येतीवर नजर ठेवा, कारण जोडीदार गेल्यानंतरच्या महिन्यांत मागे राहिलेल्याचा आजारपणाचा आणि मृत्यूचाही धोका वाढतो. यात साधी कारणंही असतात. वडिलांच्या गोळ्या आई काढून द्यायची. चहात साखर किती घालायची हे तिला माहीत होतं. ती सगळी कामं आता कोण करतंय, ते पाहा.

आणि तिच्याबद्दल बोला. त्यांना त्रास होईल म्हणून घरात तिचं नावच निघत नाही, असं बऱ्याच घरांत होतं. त्याने ते आणखी एकटे पडतात.

वडील पासष्टीत दुसरं लग्न करायचं म्हणतात. लोक काय म्हणतील?

हा तब्येतीचा प्रश्न नाही, तरी मला विचारला जातो. माझं मत स्पष्ट आहे: सोबत हवी वाटणं ही कुठल्याही वयातली साधी गरज आहे. मालमत्तेचं, पेन्शनचं आधी वकिलाकडे बसून नीट लिहून घ्या. बाकी निर्णय त्यांचा.

विसरणं आणि स्मृतिभ्रंश यांत फरक कसा करायचा?

चष्मा कुठे ठेवला ते विसरणं नेहमीचं. चष्मा हातात घेऊन तो कशासाठी असतो हे न कळणं वेगळं. रोजच्या वाटेवर चुकणं, म्हणजे राजवाड्यावरून घरी यायचा रस्ता न सापडणं, पैशाचा हिशेब न जमणं, तोच प्रश्न दहा मिनिटांत चार वेळा विचारणं, वर्षानुवर्षं केलेल्या पुरणपोळीची कृती अर्ध्यात अडकणं, संशय घेणं, अशा गोष्टी महिनोन्‌महिने वाढत गेल्या तर तपासणी हवी.

ती लवकर हवी, कारण स्मृतिभ्रंशासारखं दिसणारं सगळं स्मृतिभ्रंश नसतं. बी-१२ ची कमतरता आपल्याकडच्या शाकाहारी घरांत पुष्कळ आढळते. डायबेटिससाठी मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर आणखी. थायरॉईड, डिप्रेशन, डोक्याला मार लागून आत साचलेलं रक्त, ही कारणं सापडली तर उपाय करता येतो.

खरा स्मृतिभ्रंश बरा करणारं औषध आज नाही. पण 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये मांडलं की जगातल्या सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंशाचा संबंध बदलता येण्याजोग्या १४ कारणांशी जोडता येतो. त्यांत रक्तदाब, डायबेटिस, कोलेस्टेरॉल, धूम्रपान, एकटेपणा, कमी झालेलं ऐकू येणं आणि उपचार न केलेली कमी नजर हे सगळं आहे. यातल्या बहुतेक गोष्टींवर आपल्या तालुक्याच्या गावातही उपाय मिळतो.

काल रात्रीपासून आजी एकदम असंबद्ध बोलायला लागल्या. वेड लागलं का?

अचानक, एक-दोन दिवसांत आलेला गोंधळ ही तातडीची बाब आहे. लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, सोडियम उतरणं, साखर खूप कमी किंवा जास्त होणं, पाणी कमी पडणं, नवीन सुरू केलेली गोळी, तुंबलेली लघवी, यांपैकी काहीतरी बहुतेक वेळा निघतं. या वयात ताप न येताही मोठा संसर्ग असू शकतो. त्यामुळे सकाळची वाट बघू नका, उतारा काढण्यात वेळ घालवू नका, दवाखान्यात न्या.

कानाचं मशीन नको म्हणतात. आग्रह करावा का?

करावा. ऐकू येईनासं झालं की माणूस आधी हसण्यात सामील होणं सोडतं, मग बोलणं सोडतं, मग लग्नकार्याला जाणं सोडतं. घरच्यांना वाटतं, स्वभाव बदलला. आधी कानात मळ आहे का ते कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून बघून घ्या, नुसता मळ काढल्यानेही कित्येकांचं काम होतं. मशीन लागलंच तर पहिले काही आठवडे आवाज टोचतो. घरात शांत वेळी तासभर, मग दोन तास, असं वाढवत न्यायचं. आणि त्यांच्याशी ओरडून बोलू नका. समोर बसून, तोंड दिसेल असं, जरा सावकाश बोला.

झोपच येत नाही. गोळी द्या ना.

आधी दिवस सांगा. दुपारी जेवून दोन तास झोप, संध्याकाळी सहाला चहा, आठला अंथरूण. मग पहाटे तीनला जाग येणारच, सात तास पुरे झालेले असतात. दुपारची झोप अर्ध्या तासावर आणा, चार नंतरचा चहा सोडा, सकाळी उन्हात बसा. पाय दुखतात म्हणून, लघवीसाठी किंवा दम लागून जाग येत असेल तर ते सांगा. त्याचा इलाज वेगळा आहे.

आजी न्हाणीघरात पडल्या. आता काय काळजी घ्यायची?

यावर मी सगळ्यात जास्त बोलतो, कारण एका पडण्याने माणसाचं आयुष्य फिरतं.

पहिली गोष्ट, का पडल्या ते शोधा. "पाय घसरला" एवढ्यावर थांबू नका. उठल्याबरोबर चक्कर आली का? रक्तदाबाच्या आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी उभं राहताच रक्तदाब उतरतो. म्हणून झोपलेलं असताना आणि उभं राहिल्यावर, असा दोनदा रक्तदाब तपासून घ्यावा. मोतीबिंदू आहे का? पायाच्या तळव्याला डायबेटिसने बधिरपणा आहे का? झोपेची गोळी आहे का? चप्पल झिजलेली आहे का?

दुसरी, घर. आपली जुनी घरं उंबरठ्यांची, शहाबादी फरशीची, आणि न्हाणीघर नेहमी ओलं. भिंतीला धरायला दांडी पक्की बसवून घ्या. टॉवेल अडकवायची नव्हे, माणसाचं वजन पेलेल अशी. प्लास्टिकच्या स्टुलावर बसून आंघोळ, कमोडची खुर्ची, अंथरुणापासून संडासापर्यंत रात्रभर छोटा दिवा. अंथरुणातून उठताना आधी मिनिटभर कडेला बसायचं, मग उभं राहायचं. आतून कडी लावू नये.

तिसरी, पायांतली ताकद. जागतिक आरोग्य संघटना पासष्टीनंतर आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणारे व्यायाम सुचवते. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, ओट्याला धरून टाचा उचलणं, भिंतीजवळ एका पायावर काही सेकंद उभं राहणं. साताऱ्यात पहाटे अजिंक्यतारा चढणारे ज्येष्ठ पाहून मला आनंद होतो. पण ज्यांचे गुडघे उतारावर कुरकुरतात त्यांनी किल्ल्याचा हट्ट धरू नये. सपाट रस्ता बघावा. सांगलीकरांना आमराई आहेच.

आणि खुब्याचं हाड मोडलं तर "आता या वयात ऑपरेशन नको" असं म्हणू नका. हे वाक्य जीवघेणं आहे. शक्य तितक्या लवकर, जमल्यास ४८ तासांच्या आत ऑपरेशन झालं तर माणूस उठून बसतं. अंथरुणाला खिळलं तर पाठीला जखमा, छातीत संसर्ग, पायात रक्ताच्या गुठळ्या सुरू होतात. वय जास्त आहे म्हणूनच ऑपरेशन लवकर करायचं.

गुडघ्यांसाठी एका वैदूची पुडी घेतो, एकदम आराम पडतो. चालू ठेवू?

दोन दिवसांत चमत्कार करणाऱ्या बिननावाच्या पुडीत स्टेरॉईड असण्याची दाट शंका घ्या. चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. महिनोन्‌महिने घेतली असेल तर आपल्या मनाने एकदम थांबवू नका. पुडी घेऊन डॉक्टरकडे या, न रागावता सांगतील असा डॉक्टर निवडा.

मेडिकलमधून आणलेल्या डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्याही रोज घेतल्या तर किडनी, पोट आणि रक्तदाब तिन्हींना धक्का देतात. मांडीच्या स्नायूंचा व्यायाम, वजन कमी करणं, काठी आणि गरजेपुरती पॅरासिटामॉल यांनी बऱ्याच जणांचं निभतं. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची.

खायला काय द्यावं? दात नाहीत, नुसता चहा-चपाती खातात.

चहा-चपाती हे आपल्या म्हाताऱ्या माणसांचं खरं दुखणं आहे. वयात स्नायू झिजतात आणि ते धरून ठेवायला प्रथिनं तरुणांपेक्षा जास्त लागतात. वजनाच्या दर किलोला दिवसाला साधारण एक ते सव्वा ग्रॅम, म्हणजे ५० किलोच्या आजींना ५० ते ६० ग्रॅम. किडनीचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारूनच. एका अंड्यात सहा ग्रॅम, कपभर दुधात सहा-सात. त्यामुळे दोन्ही वेळच्या जेवणात काही ना काही हवंच: पिठलं, मऊ शिजवलेली मटकी, घट्ट वरण, दही, शेंगदाण्याचं कूट घातलेली भाजी, अंडं. माण-खटाव, जत-आटपाडीकडचं हुलग्याचं माडगं तर दात नसलेल्यांसाठी उत्तम आहे. सुनांना ते गरिबीचं खाणं वाटतं, पण त्याच्या ताकदीला तोड नाही. आणि कवळी ढिली झाली असेल तर नवी करून घ्या.

तहान वयात कमी लागते, म्हणून तहान लागायची वाट न बघता पाणी द्यावं. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर पाण्याचं माप डॉक्टर सांगतील तेवढंच.

डायबेटिस आहे, पण एकादशी सोडणार नाहीत.

सोडा असं मी कधीच म्हणत नाही. श्रद्धा हा त्यांचा आधार आहे. पण उपवासाच्या आधी येऊन गोळ्या बदलून घ्या. ग्लिमेपिराईडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन पोट रिकामं राहिलं तर साखर झपकन उतरते. घाम, थरथर, गोंधळ दिसला तर लगेच साखरपाणी द्या, उपवास तिथेच संपला. बेशुद्ध असतील तर तोंडात काहीही घालू नका, दवाखाना गाठा.

मिश्री (दातांना लावायची भाजलेली तंबाखू) या वयात सोडून काय फायदा?

फायदा आहे. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंड कमी उघडणं असेल तर लगेच दाखवा. आजी मिश्री लपवतात, म्हणून मायेने विचारा.

रोज बारा गोळ्या आहेत. सगळ्या लागतात का?

बहुधा नाही. हृदयाचे डॉक्टर एक लिहितात, हाडांचे दुसरी, मेडिकलवाला तिसरी देतो, आणि सगळ्यांची मिळून मोट कुणीच बांधत नाही. एका पिशवीत घरातल्या सगळ्या गोळ्या, पुड्या, काढे, डोळ्यांचे थेंब भरून आणा आणि एकाच डॉक्टरसमोर ओता. काही बंद होतील, काही एकत्र होतील. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसींबद्दलही त्याच वेळी विचारा.

लघवी आवरत नाही, म्हणून बाहेर जाणंच सोडलंय.

लाजू नका, सांगा. स्त्रियांना ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम, पुरुषांना प्रोस्टेटची तपासणी, दोघांनाही लघवी तपासून औषध. पाणी पिणं कमी करणं हा उपाय नाही.

लकव्याचा झटका आला तर?

तोंड वाकडं, एक हात उचलत नाही, बोलणं अडखळतं, यांपैकी एकही दिसलं तर १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सुरुवातीच्या साडेचार तासांतच देता येतं आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतो. त्यामुळे शेवटचे धड कधी होते ती वेळ लक्षात ठेवा, आणि पाणी पाजू नका.

आम्ही मुंबईला, आई गावी एकटी. लांबून काय करता येईल?

पाटण-जावळीची मुलं मुंबईत, खानापूर-आटपाडीची गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यात देशभर पांगलेली. गावात म्हातारी माणसं आणि कुलपं. तुमची ओढाताण मला कळते. रोज ठरलेल्या वेळी फोन करा. आठवड्यातून एकदाच्या तासभर फोनपेक्षा रोजची पाच मिनिटं बरी. शेजारच्या एका विश्वासू माणसाकडे घराची दुसरी किल्ली, गोळ्यांची यादी आणि तुमचा नंबर द्या. गावच्या आशाताईंना सांगून ठेवा. आणि निर्णय घेताना, मग तो म्हैस विकण्याचा असो की घराला रंग देण्याचा, आईला विचारा. आपलं मत अजून लागतं, हे कळणं तिच्यासाठी फार मोठं असतं.

आजारी सासूबाईंचं सगळं मीच करते. आता मलाच सहन होत नाही. हे चुकीचं आहे का?

चुकीचं नाही. रात्र रात्र जागून, दिवसभर अंगावरचं करून कुणीही थकतं. दीर, नणंद, नवरा यांनी पाळी लावून घ्यावी. नुसते पैसे पाठवून जबाबदारी संपत नाही. महिन्यातून काही दिवस तुम्हाला पूर्ण सुट्टी मिळालीच पाहिजे. तुमची झोप उडाली असेल, सारखं रडू येत असेल तर पुढच्या वेळी सासूबाईंच्या आधी तुमचा नंबर लावा.

खर्चासाठी आणि प्रवासासाठी सरकारी काय मिळतं?

सत्तरी पूर्ण झालेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असलं तरी, आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येतं. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ही सोय आहे. दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी कुटुंबातल्या सत्तरीवरच्यांना मिळून वर्षाला ५ लाखांपर्यंत, आणि तेही योजनेतल्या रुग्णालयातच. बाहेरून घेतलेली रोजची औषधं त्यात येत नाहीत. कार्ड आजारपणाआधी काढून ठेवा. पासष्टीवरच्या आणि वार्षिक कौटुंबिक उत्पन्न २ लाखांच्या आत असलेल्यांना मुख्यमंत्री वयोश्री योजनेत चष्मा, काठी, कमोडची खुर्ची अशा वस्तूंसाठी एकदाच ३,००० रुपये मिळतात. एसटीत ७५ वर्षांनंतर राज्यभर मोफत प्रवास आहे, ६५ ते ७४ वयाला निम्मं तिकीट. माझा सल्ला आहे की ही सवलत फक्त दवाखान्यासाठी वापरू नका. बहिणीकडे जा, पंढरपूरला जा.

सरकारी उपचारांसाठी साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील सामान्य रुग्णालय आहे, कराडला वेणूताई चव्हाण उपजिल्हा रुग्णालय, सांगलीत पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय आणि मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय.

मुलं म्हणतात जमीन आत्ताच नावावर करून द्या. करू का?

हा प्रश्न पुरुष विचारतात ते मुलगा खोलीबाहेर गेल्यावर, बायका डोळे पुसत विचारतात. मी वकील नाही, पण घर हातातून गेल्यावर जेवण तुटलेली माणसं मी तपासली आहेत, म्हणून सांगतो. घाई करू नका. द्यायचंच असेल तर बक्षीसपत्रात "मरेपर्यंत सांभाळ करीन" ही अट स्पष्ट लिहून घ्या. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ प्रमाणे ती अट मोडली तर न्यायाधिकरण तो व्यवहार रद्द ठरवू शकतं. स्वतःच्या कमाईवर किंवा मालमत्तेवर भागत नसेल तर याच कायद्याखाली आईवडिलांना मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो. अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडे करायचा. कुठून सुरुवात करावी कळत नसेल तर ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या हेल्पलाइनवर सकाळी आठ ते रात्री आठ या वेळात फोन करा. तोही मोफत आहे.